गलबतावर गुराबेच्या तोफा

ज्या मनुष्याने चौतीस वर्षे भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, शंकू-साखळीपासून इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशनपर्यंत सर्व उपकरणे हाताळली, आणि ज्याच्या टिपणांवर विसंबून गावोगावच्या भाऊबंदांनी आपापले बांध कबूल केले किंवा कोर्टात जाऊन नाकबूल केले, त्याला स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात मावणारी एक वस्तू मोजता येऊ नये, आणि त्या चुकीची फेड त्याला भर वैशाखात मंगळवेढ्याच्या एस.टी. स्थानकावर चहाचे दहा रुपये उधार ठेवून करावी लागावी, ही गोष्ट मिरवून सांगण्यासारखी खास नाही. तथापि ती सांगितल्यावाचून पुढे जे चार शब्द सांगावयाचे आहेत त्यांना आधार राहत नाही, म्हणून सांगतो.

माझा आधीचा फोन चिरंजिवांनी दिलेला, पावणेसात इंची, वजनाने सव्वादोनशे ग्रॅमचा होता. रात्री उताणे पडून वाचता वाचता डोळा लागला की तो नाकावर आदळे. बसमध्ये डाव्या हाताने वरचा दांडा धरून उजव्या हाताने तिकिटाचे पैसे पाठवू म्हटले, तर आंगठा पडद्याच्या पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नसे, आणि तो पोहोचविण्याच्या खटपटीत फोन तळहातावरून घसरून शेजारच्या बाईंच्या भाजीच्या पिशवीत एकदा पडलाही होता. "खिशात फोन ठेवता की पाटी?" असे सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा लहान फोन घ्यावयाचा हा ठराव आमच्या घरात बिनविरोध मंजूर झाला. परंतु लहान आणि स्वस्त अशा फोनांत दम नसतो, हे मला ठाऊक होते. आणि म्हातारपणी मंद चालणारी वस्तू एकच पुरे, ती म्हणजे आपण स्वतः. दुकानातल्या मुलाने माझी ही अडचण अर्ध्या वाक्यात ओळखली. "काका, छोटा पण भारी पाहिजे ना? मग हा बघा, कॉम्पॅक्ट फ्लॅगशिप!" असे म्हणून त्याने जी डबी पुढे सरकवली तिची किंमत माझ्या नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांच्या पगाराच्या बेरजेइतकी होती. मी ती दिली.

'फ्लॅगशिप' हा शब्द मूळचा आरमारातला. ज्या जहाजावर सरदाराचे निशाण फडकत असे ते आघाडीचे जहाज. पुढे व्यापाऱ्यांनी तो शब्द उचलून आपल्या दुकानातल्या सर्वांत मातबर मालाला लावला. आमच्या मराठा आरमारात गुराबा आणि गलबते अशी दोन प्रकारची जहाजे असत, हे शाळेतल्या इतिहासात आपण सर्वांनी वाचलेले आहे. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, जड तोफांची. गलबत लहान, वल्ह्यांवरही चालणारे, चपळ, आणि वारा पडला म्हणजे गुराबेला ओढून नेणारे. या नव्या फोनची कल्पना म्हणजे गुराबेच्या तोफा गलबतावर चढविण्याची कल्पना होय. तोफा चढतात, यात संशय नाही. अडचण अशी की दारूगोळ्याचे कोठार मात्र गलबताएवढेच राहते. एवढे एक वाक्य मला त्या दिवशी दुकानात सुचले असते, तर पुढचा बराच मजकूर लिहिण्याचे कारण पडले नसते.

माझी पहिली चूक निव्वळ मोजणीची होती, आणि तिचीच मला अधिक लाज वाटते. फोनचे जे 'इंच' सांगतात तो पडद्याचा कर्ण असतो, आणि एका कर्णावरून शेताचे क्षेत्र सांगणारा मापक आमच्या खात्यात एक दिवसही टिकला नसता. सॅमसंग कंपनीचा पहिला गॅलेक्सी नोट २०११ साली आला तेव्हा त्याचा ५.३ इंची पडदा पाहून लोकांनी त्याची थट्टा केली होती, की हा फोन आहे की फरशी. पुढे २०२० साली ॲपलने ५.४ इंची आयफोन काढला आणि त्याचे नाव ठेवले 'मिनी'. नऊ वर्षांत जे राक्षसी होते तेच वामनरूप ठरले, असे या आकड्यांवरून कोणासही वाटेल. पण गुणाकार बुक उघडून पाहिले म्हणजे खरा प्रकार ध्यानात येतो. नोटचा पडदा १६ : १० या प्रमाणाचा, म्हणजे रुंद, त्याचे क्षेत्र सुमारे साडेबारा चौरस इंच भरते. मिनीचा पडदा १९.५ : ९, म्हणजे बैलगाडीच्या वाटेला लागून असलेल्या पट्टीसारखा लांबट; त्याचे क्षेत्र अकरा चौरस इंचांच्या जेमतेम वर. कर्ण मोठा, क्षेत्र लहान! शिवाय मुठीत धरावयाच्या वस्तूला क्षेत्रापेक्षाही रुंदी महत्त्वाची, कारण आंगठा कर्णावर चालत नाही, रुंदीवर चालतो. त्या मिनीची रुंदी ६४.२ मिलिमीटर आणि त्याच वर्षीच्या सर्वांत मोठ्या भावंडाची ७८.१, या चौदा मिलिमीटरांत एका हाताने वापरता येणारा फोन आणि दोन हात अडकविणारा फोन यांच्यामधला बांध येतो. म्हणून दुकानात इंच विचारू नयेत, मिलिमीटर विचारावेत, आणि तेही जे वेष्टण आपण घालणार ते घालून. कारण वेष्टणाने दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर वाढले म्हणजे कष्टाने मिळविलेल्या रुंदीतला चौथा हिस्सा परत गेला.

आता या लहान फोनचे गुण सांगताना मी हात आखडता घेणार नाही, कारण ते खरे आहेत आणि रोजचे आहेत. वस्तू हलकी असली की ती जवळ असल्याचे भान राहत नाही, आणि ज्याचे भान राहत नाही तेच खरे चांगले उपकरण, असे माझे मत साखळी खांद्यावर वाहिलेल्या दिवसांपासूनचे आहे. आंगठा चारी कोपऱ्यांना लागतो. दुसरा हात पिशवीला, कठड्याला, नातवाच्या बोटाला मोकळा राहतो. खाली वाकले तर सदऱ्याच्या खिशातून तो विहिरीत पडत नाही. हातून निसटलाच, तर वजन कमी म्हणून आघातही कमी. आतले यंत्र मोठ्या फोनचेच असल्यामुळे कुठलेही काम सांगितल्याबरोबर करतो, आणि मुख्य कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रात सातबाऱ्यावरचा तलाठ्याचा शिक्कासुद्धा वाचता येतो. आणखी एक गुण जाहिरातीत सांगत नाहीत, तो हा, की लहान पडद्यावर मनुष्य चित्रपट पाहत बसत नाही. माझे रात्रीचे जागरण या फोनने कमी केले. वैद्यांनी कमी केले नव्हते.

असे पंधरा महिने गेले.

मंगळवेढे तालुक्यात आमचे वडिलोपार्जित रान आहे, आणि चुलत्यांच्या मुलांनी सरसनिरस वाटप करून घ्यावयाचे ठरविले तेव्हा मोजणीच्या दिवशी घरचा जाणता म्हणून मला बोलावणे आले. पुण्याहून निघताना मी जी तयारी केली तिचा आता पंचनामा करतो. परतीचे तिकीट फोनमध्ये. आधारपत्र फोनमध्ये. पैसे फोनमध्ये. जुन्या टिपणांच्या नकला, नकाशा, चुलत भावांचे नंबर, सर्व फोनमध्ये. पाकिटात काय होते, तर वाचनालयाचे सभासदपत्र आणि पिंपळाचे एक जाळीदार पान. ज्या खात्यात एका खुणेवर हद्द कधी ठरवू नये, निदान तीन खुणांची रुजवात घ्यावी असे शिकविले जाते, त्या खात्याचा मी पेन्शनर!

सकाळी आठाला फोनमध्ये शंभर टक्के भरलेले होते. रानात नेटवर्क असे नव्हतेच. एक दांडी येई, जाई. मनोरा दूर असला म्हणजे फोनला त्याच्यापर्यंत आपला आवाज पोहोचविण्यासाठी अधिक जोराने ओरडावे लागते, आणि ओरडण्याला शक्ती लागते. खिशात स्वस्थ पडलेला फोन अशा ठिकाणी स्वस्थ नसतो. त्यात मी नकाशा उघडा ठेवलेला, म्हणजे उपग्रहांशी संधान चालू. त्यात वरून ऊन, म्हणून पडदा आपोआप पूर्ण तेजाने जळतो आहे. अकरा वाजता एका बाभळीच्या बुडाशी, हातभर माती काढल्यावर, आमच्या आजोबांच्या वेळचा हद्दीचा दगड लागला. चुन्याची रेघ त्याच्यावर अजून होती. मी त्याचे छायाचित्र घेऊ गेलो तो पडदा अंधुक झाला. उन्हामुळे दिसत नसेल म्हणून पदरासारखा पंचा डोक्यावरून पुढे ओढून पाहिले, तर फोन तापल्यामुळे कॅमेरा बंद केला आहे अशी सूचना लिहिलेली. तळहाताला चटका बसत होता.

"दादा, ह्या खोक्यात ठिवा की, गार हुईल," असे म्हणून धाकट्या चुलत भावाने बर्फातल्या पाण्याच्या बाटल्यांचे थर्माकोलचे खोके पुढे केले. ते मात्र मी केले नाही, आणि त्या दिवसभरातला माझा तो एकच शहाणपणाचा निर्णय. तापलेली वस्तू एकदम बर्फात ठेवली की आतल्या हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. बाहेरून पाणी शिरू नये म्हणून लावलेली सील या आतल्या पाण्याला काय करणार? तापलेल्या फोनचे वेष्टण काढावे, सर्व कामे बंद करावी, सावलीत वाऱ्याला ठेवावा, आणि आपण ताक प्यावे. मी तसे केले. दगडाचे छायाचित्र अखेर मोजणीला आलेल्या तरुण मापकाने आपल्या मोठ्या, स्वस्त फोनवर काढले.

दुपारी चाराला मी स्थानकावर आलो तेव्हा माझ्या फोनमध्ये सव्वीस टक्के शिल्लक होती. पुण्याची गाडी पाचाला. चहा सांगितला, प्यालो, आणि दुकानाच्या खांबावर चिकटवलेल्या क्यूआर चौकोनावर कॅमेरा धरला. चौकोन पडद्यावर आला, आणि पडदा काळा झाला. मी बटण दाबले, दाबून धरले, झटकून पाहिले, जसे काही ते घड्याळच आहे. सव्वीस टक्क्यांचे काय झाले?

"आण्णा, चार्जर हाय की, पर पिन बारीक हाय," चहावाला म्हणाला. त्याच्या पोराने पलीकडच्या मोबाइलच्या दुकानातून जाड पिनेचा चार्जर आणला. तो लावल्यावर पडद्यावर रिकाम्या घटाचे एक चित्र उमटले आणि तसेच राहिले. पाच वाजता गाडी आली. वाहकाला मी सांगू लागलो की माझे तिकीट आहे, ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धे भाडे मी भरलेले आहे. तो म्हणाला, "काका, खरं बोलताय, पण दाखवाल काय?" त्या वाक्यावर उत्तर नव्हते. उभ्या हयातीत मी शेकडो शेतकऱ्यांना हेच वाक्य ऐकवलेले होते. घरी कळवावे म्हणून चहावाल्याने आपला फोन पुढे केला, तेव्हा सौभाग्यवतींचा नंबर मला आठवेना. शेवटचे चार आकडे आले, पहिले सहा आले नाहीत. गाडी गेली. साडेसात वाजता दुसरी मिळाली, आणि तोवर फोन अकरा टक्क्यांवर जिवंत झालेला असला तरी स्थानकावर नेटवर्क असे काही अडले की दहा रुपये चहावाल्याला पोहोचले नाहीत ते नाहीतच. ते मी घरी आल्यावर त्याच्या नंबरावर पाठविले.

सव्वीस टक्क्यांचे काय झाले, याचा तपास मी पुढे पुष्कळ केला, आणि तो वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो. लिथियम-आयन घटाचे आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, चक्रांत मोजतात. शून्यापासून शंभरापर्यंत जेवढी शक्ती भरली जाते तेवढी एकूण वापरली की एक चक्र. सुमारे ५०० चक्रांनंतर घटाची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर यावी असा अंदाज उत्पादक फार दिवस धरीत आले; अलीकडे काहीजण ८०० किंवा १००० चक्रांची हमी देतात. आता पाहा. मोठ्या फोनची कोठी मोठी, म्हणून त्याच माणसाला त्याच कामासाठी त्याचे दिवसाला पाऊण चक्र लागत असेल, तर लहान फोनचे दीड चक्र लागते. ५०० चक्रे मोठ्याची संपावयास ६६७ दिवस. लहानाची ३३३ दिवसांत संपली. म्हणजे लहान फोन दिवसाअखेरीस लवकर रिकामा होतो, एवढीच तक्रार नाही; तो वर्षाअखेरीसही लवकर म्हातारा होतो. ही दुसरी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आणि घट म्हातारा झाला की त्याची केवळ साठवण घटत नाही, त्याचा अंतर्गत रोध वाढतो; मग एकदम मोठी मागणी आली, जसे कॅमेरा आणि नेटवर्क एकाच क्षणी, तर त्याचा दाब कोसळतो आणि टक्के शिल्लक असतानाच यंत्र स्वसंरक्षणार्थ मिटून जाते. अशा अवचित बंद पडण्याला आळा घालण्यासाठी जुन्या घटांच्या फोनांचा वेग आपण कमी करीत होतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केले तेव्हा जगभर गदारोळ झाला होता, तो याच रोगावरचा. त्यात उष्णता हे या घटाचे सर्वांत वाईट व्यसन. पस्तीस अंशांच्या आतल्या हवेत वापरा असे बहुतेक पुस्तिकांत बारीक टायपात लिहिलेले असते. आमच्या सोलापूर जिल्ह्यात तो आकडा मे महिन्यात दुपारच्या आधीच ओलांडलेला असतो. मोठ्या फोनला ही उष्णता पसरावयास पाठ तरी रुंद असते. लहान फोनात तेच यंत्र, तेवढीच ऊब, आणि बाहेर टाकावयास अंगण नाही.

पुण्यास आल्यावर पाहिले तर घटाचे आरोग्य ७८ टक्के दाखवीत होते. सेवा केंद्रात गेलो. कोणत्या ते लिहीत नाही, कारण माझे गाऱ्हाणे त्या काउंटरवरच्या मुलीशी नव्हते. तिने नम्रपणे सांगितले की या मॉडेलचा घट शिलकेत नाही, मागवावा लागेल. मागवावयास तेवीस दिवस लागले. याचे कारण सरळ आहे आणि ते लहान फोन घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावे: जे मॉडेल थोडे खपते त्याचे सुटे भाग थोडे ठेवतात, आणि लवकर ठेवेनासे होतात. अशा वेळी पावती, म्हणजे ज्याला ते जॉबशीट म्हणतात ती, तारखेसह घ्यावी. फोन देण्यापूर्वी आतल्या मजकुराची नक्कल दुसरीकडे ठेवावी आणि सिम काढून घ्यावे. आणि मुदतीचा फारच भंग झाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आहे, आणि ज्या वस्तूसाठी पाच लाखांपर्यंत किंमत मोजली तिच्याबद्दल जिल्हा आयोगाकडे तक्रार करावयास शुल्क पडत नाही. मला तेथवर जावे लागले नाही. अर्जाचा मसुदा मात्र तयार होता. सवयीचा गुलाम, दुसरे काय.

डोळ्यांविषयी न लिहिले तर माझ्या वयाचे वाचक मला क्षमा करणार नाहीत. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, आणि जोडाक्षरात एकावर एक अक्षरे, यांमुळे रोमन लिपीपेक्षा उंची अधिक लागते. टाइप मोठा केला की लहान पडद्यावर ओळी भराभर कमी होतात. 'महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६' एवढे शीर्षक माझ्या पडद्यावर तीन ओळींत मोडते. सातबाऱ्याची तर गोष्टच सोडा: तो मुळात आडव्या रकान्यांचा कागद, तो मोठा करून वाचू लागलो की पीक दिसते तेव्हा खातेदार दिसत नाही, आणि खातेदार दिसतो तेव्हा बोजा दिसत नाही. टंकलेखनात एका ओळीत दहा-अकरा कळा बसवावयाच्या, म्हणजे लहान पडद्यावर एकेक कळ पाच मिलिमीटरांची, आणि माझा आंगठा अठरांचा. 'क्षेत्र' लिहावयास गेलो तर निम्म्या वेळा भलतेच काही उमटते. तोंडाने सांगून लिहविण्याची सोय आहे, परंतु ती वाचनालयात वापरता येत नाही, आणि भाऊबंदकीच्या पत्रव्यवहारात तर मुळीच नाही.

दूरचे छायाचित्र घेणारी लांब भिंगे या पातळ, आखूड देहात सहसा मावत नाहीत. लग्नात मागच्या रांगेत बसणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

मग लोक असे फोन घेतात तरी का, आणि कंपन्या काढून बंद का करतात? सोनीने जानेवारी २०१४ मध्ये एक्स्पिरिया झेड-१ कॉम्पॅक्ट दाखविला, ४.३ इंचांचा, आणि आत मोठ्या फोनचेच यंत्र; तोवर 'मिनी' म्हणजे आतूनही मिनी अशी रीत होती, ती त्याने मोडली. ॲपलची मिनी २०२० आणि २०२१ अशी दोनच वर्षे निघाली आणि २०२२ साली तिच्या जागी ६.७ इंचांचा प्लस आला. असुसचा झेनफोन २०२१ साली ५.९ इंचांचा होता, तोच वंश २०२४ साली ६.७८ इंचांवर गेला. लहान फोन हवा असे म्हणणारे पुष्कळ, दुकानात जाऊन पैसे मोजणारे थोडे, असा हा इतिहास दिसतो. आमच्या गावच्या वाचनालयाचाही तोच आहे. अलीकडे मात्र एक फरक पडू लागला आहे. घटाच्या ऋणाग्रात ग्रॅफाइटबरोबर सिलिकॉनचे मिश्रण घालून तेवढ्याच जागेत अधिक शक्ती साठविण्याची युक्ती साधली; सिलिकॉन फुगते, म्हणून ती युक्ती सोपी नव्हती. २०२५ च्या जूनमध्ये आपल्याकडे आलेल्या ६.३२ इंची वनप्लस १३-एसमध्ये ५८५० एमएएचची कोठी आहे. २०२० च्या मिनीत ती अवघी २२२७ होती. अर्थात ६.३२ इंचांना 'कॉम्पॅक्ट' म्हणणे हा शब्दावरचा अन्याय आहे, पण कोठार मोठे झाले हे खरे. गलबताची व्याख्याच बदलली म्हणा.

तर ज्याला घ्यावयाचा असेल त्याने फोन मोजण्याआधी आपला दिवस मोजावा. जुन्या फोनच्या सेटिंगमध्ये पडदा दिवसाला किती तास जळतो ते लिहिलेले असते; आठ दिवस ते आणि दिवेलागणीची शिल्लक एका कागदावर टिपावी. पडदा तीन तासांच्या आत आणि बहुतेक वेळ घरच्या वायफायवर असेल, तर लहान फोन खुशाल घ्या, तो तुम्हाला सुख देईल. दिवसभर रानात, रस्त्यावर, गाडीवर हिंडणाऱ्याने, नकाशावर चालणाऱ्याने, डिलिव्हरी करणाऱ्याने तो घेऊ नये, मग यंत्र कितीही मातबर असो. दुकानात आपला नेहमीचा मोठा टाइप लावून एक पूर्ण मराठी वाक्य लिहून पाहावे. दाराबाहेर उन्हात नेऊन पाहावा. नव्या घटाची किंमत आणि तो मिळावयास किती दिवस लागतात हे विकणाऱ्याला नव्हे, सेवा केंद्राला विचारावे. सात-सात वर्षे सॉफ्टवेअर देण्याचे वचन गुगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या वरच्या फोनांना दिले, ते चांगलेच आहे. पण सॉफ्टवेअर सात वर्षांचे आणि घट दोन वर्षांचा, तर मधला खर्च कोणी करावयाचा, हे त्या वचनात नसते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनांच्या घटांना ८०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखण्याचे बंधन घातले आहे. जुना फोन घेणाऱ्याने आरोग्याचे टक्के पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. ८० च्या खाली असेल तर घटाची किंमत सौद्यातून वजा करावी.

पॉवरबँक जवळ ठेवावी, पण तिच्यावरही आंधळा विश्वास नको. तिच्यावर १०,००० असे मोठ्या आकड्यात लिहिलेले असते ते आतल्या ३.७ व्होल्टांवरचे, बाहेर पाच व्होल्टांनी देताना ते ७,४०० होते, आणि वाटेतली गळती वजा जाता हाती सहा-साडेसहा हजार पडतात. हा खरा आकडा पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेला असतो. विमानात ती हातातल्या पिशवीतच न्यावी लागते, सामानात चालत नाही.

नवा घट बसल्यापासून माझा फोन पूर्ववत चालतो आहे, आणि चिरंजिवांनी पुन्हा मोठा फोन देऊ केला तो मी नाकारला आहे. फोन वीस टक्क्यांखाली जाऊ देत नाही, ऐंशीवर काढतो, उन्हात वेष्टण काढतो. पाकिटात आता पाचशेची एक नोट, आधारपत्राची छापील प्रत, आणि चार नंबर शाईने लिहिलेला कागद असतो. वेष्टण मात्र जुने होऊन फाटले, आणि तपकीर गल्लीपासून पासोड्या विठोबापर्यंत पंधरा दुकाने हिंडलो तरी त्या मापाचे दुसरे मिळाले नाही. "काका, हे मॉडेल बंद झालं. मोठा घ्या की आता," प्रत्येकाने सांगितले. शेवटी घरात पडलेले मोजणीच्या जुन्या लाल-पांढऱ्या निशाणाचे कापड घेऊन आमच्या पेठेतल्या शिंप्याकडे गेलो आणि त्याला एक पिशवी शिवून मागितली. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, फोन हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, गळ्यातली टेप काढून आधी रुंदी मोजली, मग लांबी, मग जाडी, तिन्ही आकडे खडूने फळीवर लिहिले, आणि मंगळवारी या म्हणाला. कर्ण त्याने मोजला नाही.